मोठी मॅच कुठली? शाहू स्टेडियमच्या पायरीवरून

बारावीतल्या एका पोरानं मला एका दमात तीन प्रश्न विचारलेत. १९५० च्या वर्ल्ड कपमधून भारताला अनवाणी खेळतात म्हणून बाहेर काढलं, हे खरं का? आपण एकेकाळी आशियात पहिले होतो म्हणतात, मग एवढं मागं कसं पडलो? आणि कोल्हापुरात फुटबॉलचं एवढं वेड असताना देशाच्या संघात आपली पोरं का दिसत नाहीत?

बाळा, तिन्हींचं मूळ एकच आहे असं माझं मत झालंय. पण तिथं पोचायला जरा फिरून जावं लागेल. मी तेरा वर्षं पेठेकडनं खेळलो, गुडघा गेल्यावर शिट्टी हातात घेतली, आणि आता सकाळी पोरांना शिकवतो. त्यामुळं यातलं काही वाचलेलं आहे, काही म्हाताऱ्यांकडनं ऐकलेलं आहे आणि काही पायाला कळलेलं आहे.

पायापासूनच सुरू करतो. अनवाणी खेळणं म्हणजे गरिबी, असं तुमच्या पिढीला वाटतं. ते अर्धंच खरं. आम्हीसुद्धा चौदा-पंधरा वर्षांचे होईपर्यंत गांधी मैदानावर अनवाणीच होतो. घोट्याला अँकलेट चढवायचं, नसलं तर जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधायची. कोरड्या मैदानावर उघडा पाय चेंडूला जसा चिकटतो तसा बुटातला चिकटत नाही. अंगठ्याच्या आतल्या अंगानं चेंडू नुसता ओढून घ्यायचा आणि समोरचा बॅक, म्हणजे बचावाचा खेळाडू, बूट सावरत वळेपर्यंत त्याच्या बगलेतनं निघून जायचं. पण पाऊस पडला की खेळ उलटा. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, आत ब्लॅडर, वरून तोंड वादीनं शिवलेलं. पाणी पिऊन तो असा जड व्हायचा की वादीच्या बाजूनं हेड बसला तर कपाळावर वळ उठायचा. चिखलात उघडा पाय टिकाव धरत नाही, स्टडवाला धरतो.

माझे पहिले बूट दुसऱ्याचे होते, एक नंबर मोठे. तळाला चामड्याचे स्टड, खिळ्यांनी ठोकलेले. स्टड झिजले की खिळ्याचं टोक आतून वर यायचं. हाफटाइमला बूट काढायचा, आत हात घालून खिळा चाचपायचा, दगडानं ठोकायचा आणि परत घालायचा. असले बूट असण्यापेक्षा नसलेले बरे, असं म्हणणारे खेळाडू तेव्हा बरेच होते आणि ते काही मूर्ख नव्हते.

आता इतिहास. फुटबॉल आपल्याकडं गोऱ्या पलटणींबरोबर आला. १८८८ मध्ये सिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला. आजही चालू असलेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांमध्ये तो मोडतो. १८९१ ला मुंबईत रोव्हर्स चषक आला, १८९३ ला कलकत्त्यात आयएफए शील्ड. साहेबाचा खेळ बघून कलकत्त्याच्या नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारींनी शाळेतल्या पोरांना हाताशी धरून क्लब उभे केले. त्यांच्या शोभाबाजार क्लबनं १८९२ मध्ये ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं, तेव्हा गोऱ्या पलटणीला हरवता येतं हे पहिल्यांदा दिसलं. एक गोष्ट इथंच डोक्यात ठेव: ड्युरँड, रोव्हर्स, शील्ड, ट्रेड्स कप. सगळे चषक. हरला की घरी. कलकत्त्यात १८९८ पासून लीग होती, पण ती त्या शहरापुरती.

मग २९ जुलै १९११. मोहन बागाननं शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ नं हरवलं. आधी पलटणीनं गोल केला. कप्तान शिबदास भादुडींनी बरोबरी केली आणि संपता संपता अभिलाष घोषनं दुसरा घातला. अकरांपैकी दहा जण अनवाणी. बूट होते फक्त सुधीर चॅटर्जींच्या पायात. मैदानावर माणूस मावत नव्हता, म्हणून मागं उभ्या असलेल्या लोकांना स्कोअर कळावा यासाठी पतंग उडवले गेले. मला त्या मॅचचं नेहमी तेवढंच डोळ्यांसमोर येतं. गोल झाला की वर पतंग चढतो आणि खाली हजारो माणसं मान वर करून आकाशात मॅच बघतायत.

त्यानंतर अनवाणी खेळणं हा मानाचा विषय झाला. साहेबाला बुटाशिवाय हरवलं की! पण पुढचा खरा पराक्रम बुटाच्या बाजूनं झाला, हे सहसा कुणी सांगत नाही. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली ती मोहम्मडन स्पोर्टिंगनं. ओल्या मैदानावर हलके बूट घालून खेळायची सवय त्यांनी लावून घेतली होती. १९४० चा ड्युरँडही त्यांनीच घेतला. पलटणीबाहेरच्या भारतीय संघानं तो जिंकायची ती पहिली वेळ.

आपल्याकडं काय चाललं होतं? कोल्हापूर संस्थान. शाहू महाराजांनी कुस्तीला खासबाग मैदान दिलं, पेठापेठांत तालमींना बळ दिलं. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपती, मोहरम, लेझीम, भांडण, लग्न, मयत, सगळ्याला तालीम. फुटबॉल कोल्हापुरात रुजला तो या तालमींच्या जमिनीत, म्हणून तर आपल्या संघांची नावं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम अशी आहेत. बाहेरगावचा माणूस विचारतो, कुस्तीच्या तालमीचा फुटबॉल संघ कसा? त्याला सांगायचं, तालीम खेळाची नसते, पेठेची असते. १९४० ला कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली आणि पेठांच्या ईर्षेला वेळापत्रक मिळालं. कोलकाता, गोवा, केरळ इथल्या फुटबॉलचं कौतुक सगळा देश करतो. तसंच आपलं बेट, फक्त लहान.

बेट हा शब्द मुद्दाम वापरला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ मध्ये सिमल्यातच स्थापन झाला, १९४१ ला राज्यांची संतोष ट्रॉफी सुरू झाली, पण खेळ वाढत राहिला तो बेटाबेटांतच.

आता तुझा पहिला प्रश्न. १९४८ चं लंडन ऑलिंपिक. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा सामना फ्रान्सशी. कप्तान नागालँडचे टालिमेरेन आओ. अकरांपैकी आठ जण अनवाणी. सारंगपाणी रामन यांनी गोल केला, आपण दोन पेनल्टी दवडल्या आणि २-१ नं हरलो. लोकांनी मात्र आपल्या पोरांना डोक्यावर घेतलं. यातनं एक गोष्ट स्पष्ट होते. ऑलिंपिकमध्ये अनवाणी पायानं खेळू दिलं गेलं होतं आणि त्यावर कुणी आकांडतांडव केलं नव्हतं.

१९५० ला ब्राझीलमध्ये सोळा संघांचा वर्ल्ड कप ठरला. आपल्या पात्रता गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतली म्हणून एकही मॅच न खेळता आपण पात्र ठरलो. २२ मे रोजी गट पडले. आपल्या गटात इटली, स्वीडन आणि पॅराग्वे होते. स्पर्धा २४ जूनपासून. ब्राझीलनं प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायची तयारी दाखवली होती. तरी आपण गेलो नाही. महासंघानं सरावाला वेळ नाही, संघनिवडीचा वाद, अशी कारणं पुढं केली. अनवाणी पायाची गोष्ट नंतर इतकी फिरली की तीच खरी वाटायला लागली. आपले मोठे बॅक शैलेन मन्ना यांनी म्हातारपणी स्पष्ट सांगितलं होतं की आम्हाला वर्ल्ड कपचं महत्त्वच माहीत नव्हतं, आमच्यासाठी ऑलिंपिक हेच सगळं होतं. आणि न जाणारे आपण एकटे नव्हतो. स्कॉटलंडनं ब्रिटिश स्पर्धेत पहिले आलो नाही म्हणून जायला नकार दिला, तुर्कस्ताननंही माघार घेतली. सोळांच्या स्पर्धेत तेराच संघ खेळले. एका गटात तर दोनच संघ होते, एक मॅच आणि गट खलास.

म्हणजे कुणी हाकललं नाही. आपण गेलो नाही, कारण आपल्या हिशेबात ती मोठी मॅच नव्हती.

इथं माझी एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला त्या १९५० च्या मंडळींवर बोट ठेवायचा अधिकार नाही. मी बावीस वर्षांचा होतो. मुंबईच्या एका कंपनीच्या संघाच्या चाचणीचं पत्र आलं. निवड झाली तर नोकरी, पगार, खोली आणि वर्षभर खेळ. चाचणी मंगळवारी, आणि रविवारी आमची फायनल. मॅच खेळून रात्रीच्या एसटीनं निघालो असतो तर पोचलो असतो. फायनल बरोबरीत सुटली. बुधवारी परत खेळायची ठरली. तालमीत बैठक बसली. कुणी मला जाऊ नको म्हणालं नाही, हे मी शपथेवर सांगतो. एक म्हातारा फक्त एवढंच म्हणाला, "जा की. पेठेचं काय, पेठ बघून घेईल." मी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. बुधवारी आम्ही जिंकलो. मिरवणूक निघाली, खांद्यावर घेतलं, गुलालानं डोळे चुरचुरत होते. तो कप पुढच्या वर्षी दुसऱ्या पेठेत गेला. पत्र अजून माझ्याकडं आहे.

त्या वेळी मला विचारलं असतंस तर मीही म्हणालो असतो, मोठी मॅच बुधवारची.

आता दुसरा प्रश्न. आपण खरंच पहिले होतो का? होतो. आणि त्याचं श्रेय ज्याला द्यायचं तो माणूस म्हणजे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शिक्षक. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स जिंकला. देशाच्या संघालाही त्यांनीच घडवलं. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मेवालाल यांच्या गोलवर इराणला १-० नं हरवून सुवर्ण मिळालं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ नं धुतलं. थंडीत पाय गारठलेले आणि बहुतेक जण अनवाणी. मला वाटतं भारतीय फुटबॉलला सगळ्यात उपयोगी पडलेला पराभव तो. त्यानंतर महासंघानं बूट सक्तीचे केले.

रहीम यांची पद्धत ऐकून तू हसशील. ते अशा मॅच लावायचे ज्यात ड्रिबलिंगला बंदी, एका टचमध्ये चेंडू सोडायचा. अशाही लावायचे ज्यात फक्त कच्च्या पायानं खेळायचं. मी हे वाचलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी पोरांना लावून बघितलं. उजव्या पायाचा भारी फॉरवर्ड, पेठेचा लाडका, डाव्या पायानं पाच यार्डांचा पास देताना चेंडूवर पाय ठेवून पडला. बाकीची पोरं हसली. तिसऱ्या आठवड्यात हसणं थांबलं. एक टच म्हटलं की चेंडू यायच्या आधी मान वळवून कोण कुठं आहे ते बघावं लागतं, आणि आपल्या पोरांची खरी खोड तिथंच आहे. चेंडू पायात आल्यावर विचार सुरू होतो. तोपर्यंत बॅक अंगावर.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात ४-२ नं हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी हॅटट्रिक केली, ऑलिंपिकमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून हरलो, ब्राँझच्या मॅचमध्ये बल्गेरियाकडून, आणि चौथे आलो. १९६० ला रोममध्ये फ्रान्सला १-१ नं रोखलं, गोल पी. के. बॅनर्जींचा.

मग १९६२, जकार्ता. सुरुवातच दक्षिण कोरियाकडून ०-२ अशा हारीनं. पुढं थायलंडला ४-१ नं हरवलं, पण जर्नेलसिंग या आपल्या सेंटर बॅकचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानला २-० नं हरवून आपण उपांत्य फेरीत आलो. डोक्याला टाके घातलेल्या बॅकला मागं ठेवायचं की बाहेर बसवायचं, हा तुझ्या-माझ्यापुढचा प्रश्न. रहीम यांनी त्याला फॉरवर्डला घातला. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानं गोल केला, आपण ३-२ नं जिंकलो. फायनल पुन्हा त्याच कोरियाशी. पीकेंनी एक, जर्नेलसिंगनं एक, आणि २-१ नं सुवर्ण. स्टेडियममधलं पब्लिक पूर्ण विरोधात, कारण इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्यानं यजमानांवर टीका केली होती. चुनी गोस्वामी कप्तान, गोलमध्ये पीटर थंगराज, पुढं बलराम. रहीम यांना फुप्फुसाचा कॅन्सर झालेला होता. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

लोक म्हणतात, रहीम गेले आणि फुटबॉल गेला. माणूस मोठा होता यात वाद नाही. पण एक माणूस गेल्यावर जे कोसळतं ते आधीच त्याच्या एकट्याच्या खांद्यावर उभं होतं. १९६४ ला आशिया चषकात दुसरे आलो, १९७० ला बँकॉकमध्ये जपानला हरवून ब्राँझ घेतलं. म्हणजे खेळाडू संपले नव्हते.

संपलं काय, तर दुसरे आपल्यासाठी थांबायचे संपले. जपानला आपण जकार्तात हरवलं. त्यांनी १९६५ मध्ये देशभराची लीग सुरू केली आणि १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ नेलं. कोरियानं १९८३ मध्ये व्यावसायिक लीग आणली. आपली राष्ट्रीय लीग कधी सुरू झाली? १९९६ ला. जपाननंतर एकतीस वर्षांनी. मधल्या काळात आपण काय खेळत होतो? चषक. ड्युरँड, रोव्हर्स, शील्ड, १९७७ पासून फेडरेशन कप, आणि गावोगावचे शेकडो. चषकात संघ दहा दिवसांचा असतो. कुठल्या पोराला पुढच्या तीन वर्षांत काय शिकवायचं, हा प्रश्न चषकात पडतच नाही. रविवारची मॅच जिंकायची, बास. त्यात आपल्याकडच्या मॅच कित्येक वर्षं ३५-३५ मिनिटांच्या असायच्या. सत्तर मिनिटांच्या श्वासावर वाढलेली पोरं बाहेर जाऊन नव्वद मिनिटं पळायची. शेवटच्या वीस मिनिटांत काय होतं ते मी शिट्टी घेऊन जवळनं बघितलंय. पाय नाही, आधी डोकं थकतं. बॅक उभ्या उभ्या बघत राहतो.

दुसरा आधार होता नोकरी. आपल्या देशात फुटबॉलचा खरा मालक क्लब नव्हता, खातं होतं. रेल्वे, पोलिस, लष्कर, बँका. मुंबईत टाटा, मफतलाल, कॅल्टेक्स, एअर इंडिया, महिंद्र. पोरगा चांगला खेळतो म्हणून कायम नोकरी, आणि नोकरी लागली म्हणून घरचे खेळू देतात. आमच्या वेळी आईबाप "बॉलनं पोट भरतं का?" असं विचारायचे तेव्हा उत्तर होतं: भरतं, पोलिसात लागला की भरतं. हा व्यवहार वाईट नव्हता. पण नोकरी पक्की झाली की सुधारायचं कारण संपतं, आणि कंपनीचा ताळेबंद बिघडला की पहिला संघ बंद होतो. महिंद्र युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० ला संघ गुंडाळला गेला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी २०११ ला बंद झाला. ज्या फांदीवर खेळ बसला होता ती अशी मोडली.

क्रिकेटमुळं फुटबॉल गेला, हे मला पटत नाही. १९८३ चा वर्ल्ड कप आणि घराघरांत आलेला टीव्ही, यांनी प्रायोजक तिकडं नेले हे खरं. पण आपली घसरण त्याआधी वीस वर्षं सुरू झाली होती. आणि कोल्हापुरात काय, क्रिकेट नाही? तरी पेठेच्या मॅचला स्टेडियम भरतंच.

पुढचं झटपट सांगतो, तुला माहीत असेलच. २००७ ला राष्ट्रीय लीगची आय-लीग झाली, २०१४ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली. मैदानं सुधारली, दिवे आले, परदेशी प्रशिक्षक आले, पोरांना फिजिओ म्हणजे काय ते कळलं. पण पुण्यात दहा-बारा वर्षांत तीन व्यावसायिक संघ आले आणि तिन्ही गेले. कोल्हापूरच्या पोराला जवळचा दरवाजा तोच होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तर कारभाराच्या घोळामुळं फिफानं आपल्या महासंघालाच काही दिवस निलंबित केलं होतं. ते उठलं, पण खालच्या पोराला त्यातलं काय कळतं? त्याला एवढंच कळतं की पुढची चाचणी कधी ते कुणी सांगत नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि इथं जरा कडू बोलणार आहे. आपल्या सीझनमध्ये दर मोठ्या मॅचला जी गर्दी असते ती बघून बाहेरचे प्रशिक्षक थक्क होतात. हलगी, झेंडे, पायऱ्यांवर उभं राहून ओरडणारी तीन पिढ्यांची माणसं. एवढं पब्लिक कित्येक व्यावसायिक संघांना मिळत नाही. मला त्याचा अभिमान आहे. पण मी रेफरी म्हणून त्याच पायऱ्यांवरून आलेली बाटलीही झेललीय. एकदा पेनल्टी दिली म्हणून पाऊण तास ड्रेसिंग रूममध्ये कोंडून बसलो आणि मग पोलिसांच्या गाडीतनं घरी गेलो. पेनल्टी बरोबर होती. दुसऱ्या दिवशी त्याच तालमीतला एक जण चहा घेऊन घरी आला, "सर, मनावर घेऊ नका, मॅच होती" म्हणाला. असली माणसं दुसरीकडं मिळणार नाहीत. पण असल्या मॅचमध्ये सतरा वर्षांच्या पोराला उतरवायची हिंमत कुठला कोच करेल? हरलं तर पोराला गल्लीतनं जाणं मुश्कील. म्हणून आपले संघ काय करतात? तयार खेळाडू आणतात. दुसऱ्या पेठेतनं, दुसऱ्या राज्यातनं, आफ्रिकेतनं. त्यातले काही फार चांगले खेळाडू होते आणि आमच्या पोरांना त्यांच्याकडनं शिकायला मिळालं, ते नाकारत नाही. पण आपला पोरगा बेंचवर बसून त्यांना टाळ्या वाजवतो, आणि वीस वर्षांचा होईपर्यंत पूर्ण नव्वद मिनिटं खेळलेल्या त्याच्या मॅच बोटांवर मोजता येतात.

जो पोचला तो कसा पोचला ते बघ. अनिकेत जाधव. २०१७ ला भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपल्या संघाकडनं खेळला. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमध्ये भारत खेळायची ती पहिली वेळ. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिन्ही मॅच आपण हरलो, पण कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगनं भारताचा पहिला गोल केला. त्या संघात कोल्हापूरचं पोरगं होतं याचा आनंद आम्ही सगळ्यांनी साजरा केला, चौकात फलक लागले. पण तो पेठेच्या फुटबॉलमधनं वर गेला नव्हता. तो लहान वयातच घर सोडून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. आपण आनंद साजरा केला तो आपल्या हातून निसटलेल्या पोराचा, हे कुणी बोललं नाही.

मग करायचं काय, असं तू विचारणारच. पेठ सोडा असं मी म्हणणार नाही, पेठ गेली तर कोल्हापुरात फुटबॉल उरणारच नाही. पण प्रत्येक तालमीनं तेरा आणि पंधरा वर्षांखालचा संघ ठेवावा, त्यांची वर्षभर लीग व्हावी, प्रत्येक पोराच्या वाट्याला निदान पंचवीस-तीस मॅच याव्यात. पावसाळ्यात मैदान बंद असतं तेव्हा शाळांच्या पटांगणात पाच-पाच जणांच्या मॅच लावाव्यात, तीन महिने पोरं मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा. मोठ्या संघात वीस वर्षांखालचा एक स्थानिक खेळाडू कायम मैदानावर असलाच पाहिजे असा नियम करावा. हे मी तीन बैठकांत बोललोय. माना डोलल्या, चहा आला, आणि पुढच्या चषकाच्या बक्षिसाची रक्कम किती ठेवायची यावर चर्चा सुरू झाली.

आणि तुझ्यासाठी वेगळं एक. तू खेळतोस का ते लिहिलं नाहीस. खेळत असशील आणि चौदा-पंधराचा धाकटा भाऊ असेल तर त्याला बाहेरच्या चाचणीचं पत्र आलं की आधी कॅलेंडर बघू नकोस. पेठेची फायनल दरवर्षी असते.

परवा रविवारी सकाळी आमच्या तेरा वर्षांखालच्यांची मॅच होती. डाव्या पायानं पास द्यायला शिकलेल्या त्या फॉरवर्डच्या धाकट्या भावानं सुरेख गोल केला. एक टच, मान आधीच वर. मी सवयीनं प्रेक्षक मोजले. चौदा. त्यातला एक चहावाला. दुपारी चारला त्याच शहरात सेमीफायनल होती आणि तिकिटाची रांग गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत आली होती. सकाळी गोल केलेलं ते पोरगं त्या रांगेत होतं, गळ्यात पेठेचा मफलर घालून.